बखर आणि शकावली : एका ज्वालामुखीच्या श्वासांची नोंद

इतिहासाची साधने शिकवताना आम्हा मराठीच्या अध्यापकांना एक जुनाच भेद दरवर्षी नव्याने समजावून द्यावा लागतो. तो बखर आणि शकावली यांमधला. बखरकाराला कथेचा शेवट ठाऊक असतो. त्यामुळे त्याच्या लेखणीखाली प्रत्येक घटना त्या शेवटाकडे धावत जाते, माणसे ठसठशीत होतात आणि प्रसंगांना रंग चढतो. शकावली मात्र कोरडी असते. तिथी, वार, कोण कोठे गेला, कोण वारला, कोठला गड हाती आला, एवढेच. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिला वाङ्मय म्हणून कोणी फारसे वाचत नाही. पण एखाद्या बखरीतील तारखेची शहानिशा करायची वेळ आली की संशोधक या त्रोटक ओळींकडेच वळतो.

ज्वालामुखींचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे तो बहुतेक बखरीच्या रूपाने. इ. स. ७९ मधले पाँपेई, १८८३ चे क्राकाटोआ, १९०२ साली मार्तिनिक बेटावरील सँ पिएर शहराची राख करणारा माँ पले. उद्रेक, हाहाकार, मृतांचे आकडे आणि मग पुढच्या उद्रेकापर्यंत कोरी पाने. या कोऱ्या पानांवर काय घडत असते, हा प्रश्न बखर विचारत नाही. तो विचारणारी एक शकावली मात्र पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर शंभराहून अधिक वर्षे, मध्ये मोठे खंड पडत का होईना, लिहिली जात आहे. तिचा विषय किलाउएआ हा ज्वालामुखी आणि त्यातून बाहेर पडणारे वायू. तिच्याकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहावे, असे आम्हाला वाटते.

प्रथम हे वायू एवढे महत्त्वाचे का, ते पाहू. गोटी सोड्याची बाटली आठवावी. गोटी आत ढकलली जाण्यापूर्वी आतले पाणी स्वच्छ आणि शांत दिसते. दाब सुटताच बुडबुडे उसळतात. जमिनीखालच्या शिलारसाचेही असेच असते. खोलवरच्या प्रचंड दाबाखाली त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साईड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. शिलारस वर येऊ लागला, दाब कमी झाला, की ते सुटू लागतात. पण सगळे एकाच वेळी सुटत नाहीत. कार्बन डायऑक्साईड कित्येक किलोमीटर खोलीवरच वेगळा होऊ लागतो. सल्फर डायऑक्साईड मात्र शिलारस पृष्ठभागाच्या बराच जवळ आल्यावर सुटतो. म्हणून कोणता वायू किती येतो आहे यावरून खाली काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. एखाद्या वाड्याच्या आतल्या खोल्या आपण पाहिलेल्या नसाव्यात, पण धुराड्यातून येणाऱ्या वासावरून आज चुलीवर काय आहे ते कळावे, असा हा प्रकार आहे.

या शकावलीचा आरंभ एका बखरीतूनच झाला. ८ मे १९०२ रोजी माँ पले फुटला आणि सँ पिएरमधील सुमारे अठ्ठावीस हजार माणसे काही मिनिटांत मरण पावली. दुर्घटनेनंतर तेथे पोहोचलेल्या शास्त्रज्ञांमध्ये अमेरिकेचे तरुण भूशास्त्रज्ञ थॉमस जॅगर होते. शहर नाहीसे झाल्यावर तेथे जाणे हे शास्त्राचे काम नव्हे, ज्वालामुखीच्या शेजारी घर करून वर्षानुवर्षे राहिले पाहिजे, ही जाणीव त्यांच्या मनात तेथे रुजली. १९१२ साली त्यांनी किलाउएआच्या विवराच्या काठावर वेधशाळा उभारली. भूकंपमापकांसाठी लागणारे तळघर सक्तमजुरीच्या कैद्यांनी खणले.

त्याच वर्षी एक वादही निकाली निघाला. जिनिव्हाचे अल्बेर ब्रुन यांनी असे प्रतिपादन केले होते की ज्वालामुखीच्या मूळ वायूंत पाणी नसतेच. जी वाफ दिसते ती पावसाच्या किंवा जमिनीतल्या पाण्याची. किलाउएआला भेट देऊनही त्यांचे मत बदलले नव्हते. २८ मे १९१२ रोजी वॉशिंग्टनच्या भूभौतिकी प्रयोगशाळेचे आर्थर डे आणि ई. एस. शेफर्ड हे हालेमाउमाउ या अग्निकुंडात उतरले. लाव्हाच्या तळ्याच्या कडेला लाव्हाचाच एक छोटा घुमट तयार झाला होता आणि त्याच्या भेगांतून जळते वायू बाहेर पडत होते. त्या भेगेत नळी घालून, बाहेरची हवा मिसळणार नाही अशा बेताने, त्यांनी ते वायू काचेच्या नळ्यांतून ओढून घेतले. नळ्यांत पाणी साचले. ब्रुन यांचा सिद्धांत त्या पाण्यात बुडाला, असे म्हटले तर बखरीला शोभेल. आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते याच्या पुढचे. जॅगर यांनी १९१७ ते १९१९ या काळात आणखी नमुने घेतले. त्यांचे पृथक्करण झाले, आकडे छापले गेले आणि ते अनेक दशके ग्रंथालयांत पडून राहिले. काही नमुन्यांत हवा शिरली होती, काहींची नळीच्या धातूशी प्रक्रिया झाली होती, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. १९८० साली टेरेन्स गेर्लाक यांनी उष्मागतिकीच्या नियमांनी ते जुने आकडे पुन्हा तपासले, त्यातली भेसळ वेगळी केली आणि त्यांतून मूळ वायूंचे स्वरूप बाहेर काढले. नोंद करणाऱ्याला तिचा पूर्ण अर्थ कळला नव्हता. त्याने ती प्रामाणिकपणे केली होती, म्हणून साठ वर्षांनंतरच्या वाचकाला तो कळू शकला.

१९२४ साली तळ्यातला लाव्हा खाली ओसरला, स्फोट झाले आणि वायू गोळा करण्याची ती सोयीची जागाच गेली. शिवाय नळीत भरलेला नमुना वायूंची जात सांगतो, त्यांचे एकूण माप सांगत नाही. दिवसाला किती टन वायू बाहेर पडतो, हे मोजण्याचे साधन मिळण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. आणि ते आले कारखान्यांच्या चिमण्यांकडून. कॅनडामध्ये औद्योगिक प्रदूषण मोजण्यासाठी कॉस्पेक नावाचे एक वर्णपटमापक यंत्र तयार झाले होते. सल्फर डायऑक्साईड सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा काही भाग शोषून घेतो. आकाशाकडे तोंड करून ठेवलेले हे यंत्र किती प्रकाश गळाला ते पाहते आणि त्यावरून डोक्यावर किती वायू आहे ते सांगते. रिचर्ड स्टॉयबर यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी ते मध्य अमेरिकेतील ज्वालामुखींकडे नेले. किलाउएआवर १९७५ साली त्याचा प्रयोग झाला आणि १९७९ पासून नियमित नोंद सुरू झाली.

काम ऐकायला सोपे आहे. यंत्र मोटारीत ठेवायचे आणि धुराच्या लोटाखालून रस्ता ओलांडायचा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा वायू मोजून त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणायचे, की दिवसाचे टन निघतात. किलाउएआवर व्यापारी वारे बहुतेक ईशान्येकडून वाहतात, म्हणून लोट नैर्ऋत्येला जातो आणि सोयीने रस्त्यावरूनच जातो. पण वारा पडला की मापन नाही, फिरला की रस्ता चुकतो. आणि हिशेबातली सर्वांत मोठी चूक यंत्रात नसून वाऱ्याच्या वेगाच्या अंदाजात असते. कार्बन डायऑक्साईड मोजणे तर आणखी अवघड, कारण तो हवेत आधीच आहे. सल्फर डायऑक्साईड स्वच्छ हवेत जवळजवळ नसतोच. तोच रस्ता, तोच वळसा, पुन्हा पुन्हा, अशी ही वर्षे गेली. टॅमर एलियास आणि जेफ सटन यांच्यासारख्या वेधशाळेच्या शास्त्रज्ञांची नावे या नोंदींशी कित्येक वर्षे जोडलेली दिसतात.

३ जानेवारी १९८३ रोजी किलाउएआच्या पूर्वेकडील भेगेवर पुउ-ओओ येथे जो उद्रेक सुरू झाला, तो २०१८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे चालला. १९८६ पासून लाव्हा अखंड वाहू लागला आणि वायूही अखंड येऊ लागला. सल्फर डायऑक्साईडची हवेशी आणि आर्द्रतेशी प्रक्रिया होऊन जे धुके तयार होते त्याला तेथील लोकांनी 'व्हॉग' हे नाव दिले. दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढला. छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून पिणाऱ्या घरांत आम्लयुक्त पावसाने छपराच्या आणि नळांच्या जोडांतले शिसे विरघळून पाण्यात आलेले आढळले. फुलशेती करणाऱ्यांची झाडे करपली. येथे शकावलीचे वाचक बदलले, हे लक्षात घ्यावे. आरंभी ती शास्त्रज्ञांपुरती होती. आता आज मुलाला अंगणात सोडावे की नाही, असे विचारणाऱ्या आईलाही तिच्यातला आकडा हवा होता.

या नोंदीची खरी परीक्षा २००३ ते २००८ या काळात झाली. २००३ पासून शिखरावरील कार्बन डायऑक्साईड लक्षणीय वाढू लागला. जमीन फुगल्याचे त्यावेळी दिसत नव्हते. फुगवटा नंतर जाणवू लागला. खोलवरून येणाऱ्या शिलारसाचा पुरवठा या वर्षांत सुमारे दुपटीने वाढला होता, हे पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. सर्वांत खोलवर सुटणाऱ्या वायूने ही बातमी आधी आणली होती. मग सल्फर डायऑक्साईडची पाळी आली. शिखरावर तो दिवसाला साधारण १५० ते २०० टन एवढाच असे. २००८ च्या आरंभी तो अनेक पटींनी वाढला. तो श्वसनास अपायकारक ठरू लागल्यामुळे फेब्रुवारीत विवराभोवतालचा रस्ता काही ठिकाणी बंद करण्यात आला. १९ मार्च रोजी पहाटे तीनच्या सुमारास हालेमाउमाउच्या भिंतीत स्फोट होऊन नवे मुख उघडले आणि प्रवासी जेथे उभे राहून विवर पाहत, त्या जागेवर दगडांचा वर्षाव झाला. तेथे कोणी नव्हते. रस्ता बंद झाला होता तो वायूमुळे. स्फोटाचे भाकीत कोणी केले नव्हते. पण १५० ते २०० हा नेहमीचा आकडा पाठीशी होता म्हणूनच आजचा आकडा नेहमीचा नाही, असे कोणी ठामपणे म्हणू शकले.

यावरून वायू वाढला की धोका आणि कमी झाला की निर्धास्तपणा, असा सोपा नियम कोणी काढील. तो किती घातक आहे, ते इतर दोन पर्वतांनी दाखवले. फिलिपाइन्समधील पिनातुबो १९९१ साली जागा झाला. १३ मे रोजी सल्फर डायऑक्साईड दिवसाला सुमारे ५०० टन होता, २८ मे रोजी तो ५,००० टनांच्या वर गेला आणि नंतर झपाट्याने घटला. तेथील शास्त्रज्ञांनी या घटीला शुभशकुन मानले नाही. वर येणाऱ्या शिलारसाने वायूची वाटच बुजवली असावी आणि आत दाब साठत असावा, हा अर्थ त्यांनी डोळ्यांआड केला नाही. भूकंपाच्या आणि इतर खुणा जोडून पाहून लोकांना हलवण्यात आले. १५ जूनला विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला आणि हजारो प्राण वाचले. कोलंबियातील गालेरास पर्वतावर १४ जानेवारी १९९३ रोजी उलटे घडले. ज्वालामुखीशास्त्राच्या परिषदेसाठी जमलेल्यांपैकी काही जण विवरात उतरले होते; त्यांतले काही तर वायूचेच नमुने घेत होते. वायू कमी होता, पर्वत शांत वाटत होता. अचानक स्फोट झाला आणि सहा शास्त्रज्ञ व तीन पर्यटक मरण पावले. ती शांतता बुजलेल्या वाटेची होती, हे नंतर उमगले.

आकडा स्वतः बोलत नाही. ५०० हा आकडा एका पर्वतावर विश्रांतीचा, दुसऱ्यावर संकटाचा असू शकतो. त्याच पर्वतावर मे महिन्यात एक आणि जूनमध्ये दुसरा अर्थ सांगू शकतो. त्याला अर्थ येतो तो मागच्या पानांमुळे.

मागची पानेही चुकीची असू शकतात. २००८ नंतर हालेमाउमाउत पुन्हा लाव्हाचे तळे साकारले आणि लोट इतका दाट झाला की त्याच्या अंतर्भागातून प्रकाशच यंत्रापर्यंत नीट पोहोचेना. यंत्र प्रामाणिकपणे कमी आकडा दाखवत राहिले. लोटापासून काही अंतरावर, आकाशाकडे तोंड केलेल्या मापकांची रांग कायमची बसवल्यावर २०१४ ते २०१७ या काळात प्रत्यक्ष उत्सर्जन सरासरीने दिवसाला सुमारे ५,००० टन असल्याचे दिसून आले. जुने आकडे सुधारून छापण्यात आले. आपली चूक स्वतःच जाहीर करण्याची ही रीत आमच्या क्षेत्रातही रुळावी, एवढेच येथे म्हणतो.

साधन बदलताना धागा तुटू द्यायचा नाही, हे पथ्यही या वेधशाळेने पाळले. कॉस्पेकच्या जागी २००० नंतर लहान, हलके वर्णपटमापक आले, तेव्हा जुने आणि नवे यंत्र शेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडून पाहिले गेले. आपल्याकडेही याचे एक उदाहरण आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांमुळे मापन बिघडणार, हे ओळखून ती अलिबागला नेण्यात आली. पण १९०४ ते १९०६ या काळात नानाभाई मूस यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंद चालू ठेवली. मुंबईचा आकडा अलिबागच्या आकड्याला जोडता यावा म्हणून केलेली ही दोन वर्षांची दुप्पट मेहनत आमच्या मते त्या वेधशाळेच्या इतिहासातील एक थोर कृत्य आहे.

मे २०१८ मध्ये किलाउएआच्या पूर्वेकडील खालच्या भागात, लैलानी इस्टेट्स या वस्तीत जमीन फाटली. सातशेहून अधिक इमारती लाव्हाखाली गेल्या. वायूचे प्रमाण त्या उन्हाळ्यात दिवसाला दोन लाख टनांच्या आसपास पोहोचले. शिखरावरचे तळे रिते झाले, विवराचा तळ ५०० मीटरांहून अधिक खचला आणि भूकंपांच्या सततच्या धक्क्यांनी वेधशाळेची इमारत वापरण्यायोग्य राहिली नाही. माणसे, यंत्रे, कागदपत्रे हलवावी लागली. जॅगर यांनी ज्वालामुखीच्या शेजारी घर करण्याचा जो आग्रह धरला होता, त्याची किंमत त्या घराने शंभर वर्षांनंतर अशी मोजली. संस्था हिलो शहरात गेली. नोंद थांबली नाही.

त्यानंतरची पाने आम्हाला सर्वांत वाचनीय वाटतात. सप्टेंबर २०१८ पर्यंत शिखरावरील वायू दिवसाला काही डझन टनांवर, सुमारे पस्तीस वर्षांत न दिसलेल्या नीचांकावर आला. हवा निवळली. दृष्टी नसलेल्यांनाही व्हॉग गेल्याचे नाकाने कळावे, इतकी. २०१९ च्या जुलैत विवराच्या तळाशी चक्क पाण्याचे तळे दिसू लागले. आता हा ज्वालामुखी निवाला असे म्हणणे किती सोपे होते! पण सल्फर डायऑक्साईड पाण्यात विरघळतो. पाण्याचा थर असला की खालचा वायू वर येण्याआधीच गाळला जातो. मोजणाऱ्यांना ते ठाऊक होते, म्हणून शून्याजवळचा आकडाही ते तितक्याच निष्ठेने लिहीत राहिले. २० डिसेंबर २०२० च्या रात्री लाव्हा वर आला आणि ते तळे वाफ होऊन गेले. डिसेंबर २०२४ पासून त्याच विवरात लाव्हाची उंच कारंजी थांबून थांबून उसळताना जगाने पाहिली.

शेजारच्याच मौना लोआ पर्वताची एक गोष्ट येथे सांगायला हवी. तेथे १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी जगाच्या हवेतील कार्बन डायऑक्साईड मोजायला सुरुवात केली. काही रात्री डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याबरोबर ज्वालामुखीचा वायू यंत्रात येई आणि आकडा अचानक उंचावे. असे आकडे जागतिक सरासरीच्या कामाचे नव्हते, म्हणून ते बाजूला काढले जात. पुढे स्टीव्हन रायन यांनी हेच टाकाऊ आकडे गोळा केले आणि त्यांतून मौना लोआच्या श्वासाचा १९५८ ते १९९४ पर्यंतचा इतिहास लिहिला. १९७५ आणि १९८४ च्या उद्रेकांनंतर वायू कसा वाढला आणि हळूहळू कसा ओसरला, ते त्यात दिसले. बाजूला काढणे वेगळे आणि फाडून टाकणे वेगळे.

हे सारे लिहिताना आमच्या खिडकीबाहेरचा काळा दगड डोळ्यांसमोर आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टला जागोजागी भोके असतात. काहींत पांढरे, हिरवट स्फटिक भरलेले असतात. घर बांधताना गवंडी ज्या दगडाला सच्छिद्र म्हणून बाजूला सारतो, त्यातली ती भोके म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून निसटू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे. दख्खनच्या त्या उद्रेकांनी हवेत किती वायू सोडला आणि त्याच सुमारास झालेल्या डायनोसॉरांच्या अस्तात त्याचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तो वायू मोजायला कोणी नव्हते. अभ्यासक आज त्याचा अंदाज बांधतात तो दगडात अडकलेल्या सूक्ष्म काचकणांवरून आणि किलाउएआसारख्या जिवंत पर्वतांवर कोणीतरी मोटारीतून वळसे घालत लिहून ठेवलेल्या आकड्यांच्या आधाराने. पुढच्या वेळी एखादा सच्छिद्र दगड हाती आला, तर तो फेकण्यापूर्वी क्षणभर पाहावा. आपल्या भूमीच्या शकावलीचे तेवढेच पान शिल्लक आहे.